पालथी पडलेली पेटी
ओल्या लोखंडाचा वास आला की मला राजस्थानातली ती पेटी आठवते. सुरतेजवळ उधन्याला कापडाच्या लूमवर लागण्याआधी मी तांबं शोधणाऱ्या ड्रिल मशीनवर होतो. जमिनीतून निघणारे लोखंड असलेल्या दगडाचे काळे, जड दांडके लाकडी पेटीत क्रमानं लावायचे, वरचा आधी, खालचा नंतर. त्या दिवशी पेटी माझ्या हातून पालथी पडली आणि मी ती अंदाजानंच पुन्हा भरली. दगड तपासणाऱ्या तरुण साहेबांनी दांडक्यांवर पाणी मारून पाहिलं. तांब्याचे पिवळे ठिपके खाली जाता जाता विरत होते. "चाचा, क्रम सही है ना? फिर तो यह होल यहीं बंद करना पड़ेगा," ते म्हणाले. सोबतचा गाववाला कानाशी म्हणाला, "भाऊ, सांगी टाक ना, पेटी पडनी व्हती." चार बुकं शिकलेल्या पोरासमोर मी चुकलो म्हणू? "मेरे हाथ का है साहब, गलत नहीं होगा," मी म्हणालो. होल बंद झालं, आठवड्यात तंबू उठले, आम्ही सगळे घरी. गाववाला परत माझ्याशी बोलला नाही. खाली तांबं होतं की नव्हतं, कोणालाच माहीत नाही. आज सून मोरीत लोखंडी तवा घासत होती, तोच वास आला. मी तिला म्हणालो, "एकदा माझ्या हातून पेटी पडली होती." "बरं बाबा," ती म्हणाली आणि तिनं नळ बंद केला.