रोजचं दूध

दुष्काळात आम्ही वडगाव रासाईजवळ खडी फोडायला जायचो. तिथं पोरांना पावडरीचं दूध वाटणाऱ्या माणसाला सगळे आप्पा म्हणत. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दर वाक्याला "काय होत न्हाई." डबा उघडला की आधी नाक आत घालायचा, मग पावडरीतल्या पिवळट गुठळ्या मुठीत चुरायचा. स्वतः मात्र कधी घोटभरही प्यायला नाही. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांच्या वाटीत तो हातभर वरून दूध ओतायचा.

मला आकडे वाचता येत होते. एकदा म्हणाले, "आप्पा, डब्यावरची तारीख कवाच उलटून गेलीय."

"तारीख सायबासाठी असती, बाई. पोटाला कुठं वाचता येतंय?"

चांगले डबे त्याच्या मेव्हण्याच्या हॉटेलात जायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कामावरची हजेरीही तोच घ्यायचा, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

एके दिवशी जीपमधून साहेब आले. आप्पानं नवाकोरा डबा फोडला, दूध कालवलं आणि त्या दिवशी वाकून, वाटीला हात लावून माझ्या पोरीला दिलं.

तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आप्पा, ह्ये दूध नासलंय. रोजचं द्या की."

साहेब हसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवत आप्पा म्हणाला, "बघा सायेब, दुष्काळातबी पोरांचे नखरे!"

वाटीत उरलेलं मी तोंडाला लावलं. इतकं चांगलं दूध होतं, की घशाखाली उतरेना.