ताणावरचा बगीचा

माझ्या बापाला ज्या झाडाला बांधून मारलं, ते झाड त्याने मरायच्या आधी मला सांगून ठेवलं होतं. विहिरीजवळचं पहिलं. बाप त्या संत्र्याच्या बगीच्याचा रखवालदार. मालकाने त्याच्यावर चोरीचा आळ घातला. बाप चोर नव्हता. त्या माराने तो खाटेला लागला आणि हिवाळ्यातच गेला.

मी तेव्हा लोधीखेड्याला मामाकडे होतो. शाळा अर्ध्यात सोडलेली, अंगात रग भरपूर. मालकाला जाब विचारायला निघेपर्यंत तोच साप चावून मेला. लोक म्हणाले, झालं, देवाने पाहून घेतलं. मला ते पटलं नाही. माझं काम देवाने काहून करावं?

ब्याऐंशीच्या सुमारास मी रामाकोन्याच्या त्याच बगीच्यात रखवालदार म्हणून लागलो. पांढुर्ण्याकडचा आहे असं खोटं सांगितलं. कोणी जास्त विचारलं नाही, कारण तिथे कोणी टिकतच नव्हतं. मालक जिवंत असताना झाडाचं आळं पाण्याने भरलं की शिटी वाजवायचा, ती ऐकून रखवालदाराने विहिरीवरची मोटार बंद करायची. तो गेल्यावरही भर दुपारी शिटी ऐकू येते, असं म्हणत गडी पळून जायचे. घरात दोघीच उरल्या होत्या, मालकाची आंधळी माय आणि त्याची तरुण विधवा.

"भुताले भेत नाही ना?" पहिल्याच दिवशी भाकर वाढताना विधवेने विचारलं.

"भुतानं मले भ्यावं."

"मोठा आला! मंग वांग्याची भाजी पाहून तोंड काहून वाकडं करून राहिला?"

मी मुकाट्याने जेवलो. माझी आई गेल्यापासून असं कोणी बोललं नव्हतं. विधवा सगळ्या गड्यांना भाऊ म्हणे. मला काहीच म्हणत नसे.

बगीचा ताणावर सोडलेला होता. ज्याला संत्र्याचं ठाऊक नाही त्याला सांगतो. हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळू लागेपर्यंत तहानलेलं ठेवायचं, मग पाणी द्यायचं. तेव्हा फूल धरतं. मधेच कोणी पाणी सोडलं तर झाड नुसत्या पानांवर जातं, बहर बुडतो. कुऱ्हाड नको, विष नको. हेच मी योजून आलो होतो. विधवा सौंसरच्या बाजाराला गेली की मोटार लावायची. पण दोन बाजार मी उगाच जाऊ दिले. स्वतःला सांगायचो, पानं अजून कोमेजू दे.

तिसऱ्या बाजाराला भर दुपारी स्टार्टर दाबलं.

ताणावरच्या बगीच्यात दुपारी पाखरूही थांबत नाही. वारा नसताना पानं गळतात, टप् टप्, आणि दर वेळी वाटतं, मागे कोणी पाऊल टाकलं. पाणी दांडातून पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं. आळं काठोकाठ भरलं, आणि शिटी आली. लांब, शेवटी वर चढणारी. त्याच झाडाखालून. तिथे कोणी नव्हतं.

अंगावर काटा आला, पण मी हललो नाही. म्हटलं, वाजव लेका, आज बंद नाही करत. शिटी पुन्हा आली, आता जवळून.

मग पाचोळा वाजला. मालकाची आंधळी बुढी माय एकेक झाड चाचपत येत होती.

"मोटार तू लावली?"

"हो."

"बापासारखाच खोकलून फाटकात शिरतो तू. पहिल्याच दिवशी वळखलं."

"मंग ठेवलं काहून?"

"तुह्या बापाले सोड म्हणून मी लय ओरडली. पोरानं ऐकलं नाही. मागून खरा चोर सापडला. तवापासून तो रोज दुपारी या झाडाखाली येऊन बसे. इथंच साप चावला त्याले." तिने न दिसणारे डोळे बुंध्याकडे वळवले. "अजून बसूनच राहिला. वाटलं, तू आला तर उठन."

पाणी आळं फोडून पुढच्या दांडात निघालं होतं.

"सोड पानी, मले कुठं दिसते," बुढी म्हणाली. "ती बाजारात मेथी आणाले गेली. तुले वांगं आवडत नाही म्हनून."

मी दांडावर माती ओढली आणि मोटार बंद केली. सगळं गप्प झालं. विचारलं, "माय, शिटी तुमीच वाजवली ना?"

"दात कुठं आहेत, बापू?"

माघात बगीचा पांढराशुभ्र झाला. ते पहिलं झाड तेवढं हिरवंगार, एक फूल नाही. विधवा त्याच्यासमोर उभी राहिली.

"यालेच काय झालं?"

मी सगळं सांगितलं, बापासकट. माफी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. मग तिने विचारलं,

"आखीन पानी सोडाचं हाये?"

"नाही."

"मंग जेवाले चाल."

उन्हाळ्यात आमचं लग्न लागलं, पाटाचं. विधवेने गड्याशी पाट लावला म्हणून गावाने नाकं मुरडली. माझ्याकडून बसायला कोणी नव्हतं, म्हणून बुढी माझ्या बाजूला बसली.

ते झाड मी तोडलं नाही. पुढेही अधूनमधून दुपारी आळं भरलं की शिटी यायची. सुरुवातीला मी मुद्दाम उशीर करायचो. मग घरातून ती म्हणायची, "जा ना, तुमाले बोलावून राहिले." मी उठायचो, दोनदा खोकलायचो आणि मोटार बंद करायचो.