शेजाऱ्याने मागितलेली गोळ्यांची डबी

आमच्या इकडच्या मराठी मंडळींत माझ्या रायफलीची गोष्ट बरीच फिरलेली आहे. बुद्धपौर्णिमेला जमलो की जेवताना कोणीतरी विचारतंच, "काका, बंदूक काय म्हणते?" मग मी सांगायचो. ग्राउंडहॉगने खाल्लेली मेथी, दुकानातली रांग, बायकोचे टोमणे, सगळं हसत हसत. त्या गोष्टीत शेवटी शेजाऱ्यांची घोडी जाते, आणि ती गोळ्यांच्या टंचाईने गेली असं मी सांगत आलो. ते खरं नाही. खरं काय ते मी या वसंतात शेजाऱ्यांना सांगितलं. ज्यांनी माझ्या तोंडून चुकीची गोष्ट ऐकली त्यांच्यासाठी आता लिहितो आहे.

आम्ही अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून अर्ध्या तासावर, दोन डोंगरांमधल्या खोऱ्यात राहतो. मी इथे शिकायला आलो, मातीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर चार एकर जागा घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतातली माती तपासली, आता स्वतःची बघू, एवढाच विचार. पहिल्याच वर्षी मेथी, वाल आणि कोबी छान आले, आणि ते सगळे ग्राउंडहॉगने खाल्ले. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लठ्ठ मांजराएवढा, तपकिरी, जमिनीत खोल बिळं करणारा. कुंपण घातलं तर त्याने खालून खणलं. पिंजरा लावला तर त्यात कोणाचंतरी मांजर अडकलं, आणि ते सोडवताना मला चार ओरखडे मिळाले.

रस्त्यापलीकडे आमचे शेजारी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, एकटे, पूर्वी दुधाचा धंदा होता. आता गोठा रिकामा आणि एक म्हातारी घोडी, जी त्यांच्या दिवंगत पत्नीची होती. त्यांनीच सुचवलं की लहान रायफल घे. मी आधी नको म्हणालो. आम्ही बौद्ध, पंचशील घेतलेली माणसं. प्राण्याला मारणार नाही हे तर पहिलंच शील. पण दुसऱ्या वर्षीही वाल गेले तेव्हा माझा निश्चय ढिला पडला. बायको म्हणाली, "अहो, वाल बाजारात मिळतात." मी ऐकलं नाही. त्या शीलाचा दोष माझ्याकडे आहे आणि तो मी कधी नाकारलेला नाही.

शेजारी माझ्याबरोबर दुकानात आले. महामारीचा काळ होता, आणि देशभर गोळ्यांचा तुटवडा पडला होता. दुकानात रायफली होत्या, पण गोळ्यांचे कप्पे ओस. मला कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू-टूची रायफल चालवल्याचा अभिमान होता, म्हणून आपल्याला यातलं कळतं असं मी धरून चाललो होतो. दुकानदाराने तीन रायफली काउंटरवर ठेवल्या. पहिली पॉइंट वन-सेव्हन. गोळी बारीक, पण लांबवर सरळ जाणारी. मी तिच्याच प्रेमात पडलो. शेजाऱ्यांनी दुकानदाराला इतकंच विचारलं की हिच्या गोळ्या शेवटच्या कधी आल्या होत्या. तो आठवू लागला आणि त्याला आठवेना. ती रायफल परत गेली.

दुसरी टू-टूच, पण आपोआप भरणारी, चाप दाबत राहायचा. शेजाऱ्यांचं म्हणणं असं की टंचाईत आपण गोळी निवडत नाही, मिळेल ती घेतो, आणि या रायफली खाण्यापिण्याच्या बाबतीत नखरेल असतात. हलकी गोळी घातली की अडकतात. तिसरी जुनी, प्रत्येक गोळीला हाताने बोल्टचा दांडा मागे ओढायची. तिच्या लाकडी दस्त्यावर कोणाच्यातरी कुत्र्याचे दात उमटले होते. शेजाऱ्यांनी बोल्ट काढला, टॉर्च मागितला, आणि गोळी बसते त्या जागेच्या कडेवरून करंगळीचं नख फिरवलं. या लहान काडतुसात पेट घेणारी दारू बुडाच्या कडेत असते. रायफल रिकामीच चालवून चालवून त्या जागी खड्डा पडला असेल तर ठोका नीट बसत नाही आणि गोळी उडत नाही. नख कुठे अडकलं नाही. त्यांनी मलाही फिरवायला लावलं.

"ही घे," ते म्हणाले. "हिला काहीही चालतं. आणि माझ्याकडे हीच आहे. तुझ्या संपल्या तर माझ्या, माझ्या संपल्या तर तुझ्या."

मी ती रायफल त्या वाक्यावर घेतली. त्या दिवशी दुकानात एकही डबी नव्हती, म्हणून त्यांनी घरी जाऊन आपल्याकडच्या सहातल्या दोन डब्या मला दिल्या. पन्नास गोळ्यांची एक डबी.

यापुढचा भाग मी कोणाला सांगत नसे.

मला साठवण्याचा रोग लागला. दुकानात माल मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, माणशी एक डबी. मी दोन्ही दिवशी दार उघडण्याआधी उभा. बायकोलाही घेऊन जायचो, म्हणजे दोन. तिने कधी गोळी हातात धरली नव्हती, पण रांगेतल्या सगळ्यांशी तिची ओळख झाली. घरी आल्यावर डब्या तळघरात, तांदळाच्या पोत्यामागे. एकदा तिने तो ढीग पाहिला आणि म्हणाली, "कोबी राखायचाय की सरहद्द?" मला हसू आलं नाही. लहानपणी घरात कुठलीच गोष्ट दुसऱ्या दिवसापुरती नसायची, त्यामुळे भरलेला कप्पा पाहिला की मला शांत वाटतं. हे कारण आहे, सबब नाही. सबंध वर्षात मी जेमतेम एक डबी वापरली असेन.

मे महिन्यात एका सकाळी शेजारी रस्त्याकडेच्या टपालाच्या मेलबॉक्सपाशी भेटले. घोडीच्या कुरणात कुंपणाजवळ ग्राउंडहॉगने नवं बीळ सुरू केलं होतं. त्यांच्या चारही डब्या वर्षभरात संपल्या होत्या, एका जुन्या डब्यातल्या काही गंजलेल्या गोळ्या तेवढ्या उरल्या होत्या. तीनदा चाप दाबला, तिन्ही वेळा नुसता खट आवाज, आणि प्राणी आत. त्यांनी विचारलं, "एखादी डबी देऊ शकशील?"

मी म्हणालो, "माझ्याकडेही संपल्या हो. मीच शोधतोय."

विचार करून म्हणालो नाही. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर परत घेता आलं असतं, ते पत्रं चाळत तिथेच उभे होते. एक डबी दिली तर बाकीच्या किती हे कळेल, आणि ढीग पाहून ते माझ्याबद्दल काय म्हणतील, अशी काहीतरी लाज होती. ते "बरं" म्हणाले आणि गेले.

तीन आठवड्यांनी घोडीचा पुढचा पाय त्या बिळात गेला आणि मोडला. बायकोला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पडलेली दिसली. आम्ही धावत गेलो. पशुवैद्य आले, त्यांनी पाय पाहिला आणि शेजाऱ्यांकडे पाहून मान हलवली. तिला कायमचं निजवायचं इंजेक्शन दिलं तेव्हा शेजारी तिचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसले होते. नंतर ते मला म्हणाले, "मी कुठूनतरी एक डबी मिळवायला हवी होती." मी म्हणालो, "कुठेच नव्हत्या." हे दुसरं खोटं, आणि ते मी पूर्ण शुद्धीत बोललो.

तेव्हापासून माझी रायफल कपाटात आहे. मंडळींत मात्र गोष्ट चालू राहिली. पोरं मला चिडवायची, "काका, पहिल्या शीलाचं काय झालं?" मीही खोटंखोटं खजील व्हायचो. सगळ्यांची नजर पहिल्या शीलावर. चौथ्याकडे, खोटं बोलणार नाही या शीलाकडे, कोणी पाहत नव्हतं. सगळे एकसुरात पंचशील म्हणत असताना चौथी ओळ आली की मी नुसते ओठ हलवायचो. वाटायचं, एवढ्या आवाजांत कोणाला कळतंय.

बायकोला कळत होतं. मागच्या वर्षी गाडीत तिने विचारलं, "चौथ्या शीलाला तुमचा आवाज कुठे जातो?" मग मी तिला सगळं सांगितलं. ढीग तिने पाहिला होता, पण मेलबॉक्सपाशी काय झालं ते तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, बोलून टाकलं, आता हलकं वाटेल.

"मला सांगून काय होणार?" ती म्हणाली. "घोडी माझी होती का?"

तरीही मी वर्षभर गेलो नाही. या मार्चमध्ये मात्र वेगळंच घडलं. शेजाऱ्यांची मुलगी आली होती. तिला कुठूनतरी एक वयस्क, शांत घोडा मिळत होता, आणि वडिलांना सोबत होईल म्हणून तो आणायचा होता. शेजारी ठाम नाही म्हणत होते. मी तिथेच कॉफी घेत बसलो होतो. ते तिला म्हणाले, "माझ्या हातात आता जनावर देऊ नकोस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बीळ दिसत होतं. गोळ्या नव्हत्या. तू समोर राहतोस, आणि मी तुला साधं विचारलंसुद्धा नाही. का नाही विचारलं, देव जाणे."

मला आधी वाटलं, ते टोचून बोलताहेत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ते विसरले होते. स्वतःला दोष देता देता त्यांनी विचारल्याची गोष्टच पुसून टाकली होती, किंवा वयाने पुसली असेल. एका क्षणात मी पूर्ण सुटलो होतो. जगात त्या सकाळचा साक्षीदार मी एकटा उरलो होतो, आणि मला नुसतं गप्प बसायचं होतं. मी कॉफी संपवली, बरं, चाललोय असं काहीतरी बोललो आणि घरी आलो. दारात पोहोचलो तरी डोक्यात त्यांचं "का नाही विचारलं" चालूच होतं. मी बूटसुद्धा काढले नाहीत, तसाच परत रस्ता ओलांडला.

मुलगी गोठ्यात गेली होती. ते एकटेच बसले होते.

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"गोळ्यांची डबी. मेलबॉक्सपाशी. मी नाही म्हणालो. माझ्या तळघरात साठ डब्या होत्या."

मला वाटलं, साठ या आकड्यावर काही बोलतील. ते म्हणाले, "मी विचारलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"तुमच्या हातात विजेचं बिल होतं. तीन गोळ्या उडाल्या नाहीत, हेही सांगितलंत."

त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. "मला वाटायचं, मी आळस केला," ते म्हणाले. "रोज वाटायचं." मी माफी मागितली. इंग्रजीत ती दोन शब्दांत संपते, म्हणून मी पुन्हा मागितली. त्यांनी हात वर करून थांबवलं. "आता घरी जा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

दहा दिवस ते दिसले की मान फिरवायचे. मला वाईट वाटत होतं, आणि तरीही, हे सांगायला विचित्र वाटतं, मी बऱ्याच वर्षांनी सलग झोपत होतो. पाठ धरायची तीही कमी झाली. बायको म्हणाली, चेहरा उतरलाय पण भूक वाढलीय, हा कुठला पश्चात्ताप. मी दुसरी पोळी घेतली.

अकराव्या दिवशी फोन आला. नुसतंच, "फावडं घेऊन ये." घोडा येणार होता. आम्ही दोघांनी सबंध कुरण चालून काढलं, प्रत्येक बिळापाशी काडी रोवली, मग एकेक बीळ दगड आणि मुरमाने बुजवलं. त्या वयात ते फावड्याला हात लावतील असं वाटलं नव्हतं. कमी बोलले. एकदा मात्र थांबून म्हणाले की साठ म्हणजे जरा जास्तच होत्या. मी हो म्हणालो. त्यातल्या तीस आता त्यांच्याकडे आहेत.

घोडा आला आहे. पांढरट, संथ, सगळ्यांच्या खिशात तोंड घालणारा. बायको त्याला गाजरं नेते आणि त्याच्याशी मराठीत बोलते.

शेजारी आता ती गोष्ट खरी सांगतात. परवा आम्ही दोघं दाणापाण्याच्या दुकानात गेलो होतो. तिथे कोणीतरी जुन्या घोडीची चौकशी केली. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं: बीळ, खट आवाज, मेलबॉक्स, आणि मग माझ्याकडे बोट करून, "हा नाही म्हणाला." चारपाच माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी खाली पाहिलं नाही. "हो," मी म्हणालो, "म्हणालो होतो." मग दुकानदाराने आमची ओटची पोती गाडीत टाकली आणि आम्ही निघालो.