चार दातांचं इन्स्पेक्शन

"मॅडम, तुमचे स्पॉट फेल गेले. चारही."

रविवारची सकाळ, साडेसात. माझे पोहे भिजत होते. मी दातांची डॉक्टर, आणि क्लिनिक सांगवीत घराच्याच खाली असल्यामुळे रविवार माझा असतो हा माझा गैरसमज आहे. फोनवर होता संतोष. राहणार कुरुळीचा, चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंगच्या लाइनवर क्वालिटी इन्स्पेक्टर.

त्याचे वरचे पुढचे चार दात लहानपणापासून तपकिरी डागांचे. त्यामुळे पठ्ठ्या फोटोत कधी हसलाच नव्हता. लग्न ठरलं तसं आम्ही व्हिनिअर बसवायचं ठरवलं. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचं पातळ कवच. त्यासाठी दात जरासे घासावे लागतात. खरी कवचं लॅबमधून यायला दहा-बारा दिवस जातात. तोवर घासलेले दात उघडे राहू नयेत म्हणून प्लॅस्टिकसारख्या मटेरियलची टेम्पररी कवचं लावतो. चारही एकाच पट्टीत जोडलेली. शुक्रवारी ती लावली आणि रविवारी अकराला चऱ्होलीत त्याचा साखरपुडा.

"फेल म्हणजे काय? पडली?"

"पडली न्हाई. टेस्ट केली."

"कसली टेस्ट?"

"चिझल टेस्ट."

मी गॅस बंद केला.

चूक माझीच होती. शुक्रवारी मी त्याला म्हणाले होते, "जपून हं संतोष, हे फक्त स्पॉटवर चिकटवलंय." आमच्या भाषेत स्पॉट म्हणजे प्रत्येक दाताच्या मधोमध सिमेंटचा एक ठिपका, नंतर सहज काढता यावं म्हणून. संतोषच्या लाइनवर स्पॉट म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारं वेल्डिंग. गाडीची आख्खी बॉडी स्पॉटवर उभी असते, असं त्यानेच मला नंतर ऐकवलं. त्यामुळे तो निर्धास्त झाला. आणि त्यांच्याकडे नियम आहे, की माल बाहेर पाठवण्याआधी दोन पत्र्यांच्या फटीत छन्नी घालून स्पॉट पक्का आहे का ते बघायचं.

"अरे, दातात छन्नी घातलीस?"

"छन्नी कशी घालीन मॅडम? नेलकटरमधली ती बारीक पट्टी घातली. आज डिस्पॅच व्हता ना!"

साखरपुड्याला डिस्पॅच म्हणणारा नवरदेव मी पहिल्यांदाच पाहिला.

पाऊण तासात तो हजर झाला. तोंडावर रुमाल, डोळ्यांत पाणी. घासलेल्या दातांना गार वारा लागला की झिणझिण्या येतात, आणि हा कुरुळीपासून बाइकवर तोंडाला नुसता रुमाल लावून आला होता. खिशातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दातांची पट्टी. पिशवीला लाल टॅग. टॅगवर लिहिलेलं: 'रिजेक्ट. दोष: स्पॉट सुटला. ऑपरेटर: मॅडम.'

वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला कुणी ऑपरेटर म्हटलं नव्हतं. मला रागही आला आणि हसूही.

नशिबाने पट्टी शाबूत होती. दात साफ केले, पट्टी धुतली, सिमेंट घेतलं.

"मॅडम, या बारीला धा-बारा स्पॉट मारा की."

"मारले तर काढताना खालच्या दाताचा टवका निघेल. एकेकच."

"मग टिकंल का?"

"तू तपासलं नाहीस तर टिकेल."

मग मी एकेक गोष्ट त्याच्याकडून वदवून घेतली. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पेढा भरवला तर लहान तुकडा, तोही दाढेखाली. गार सरबत नको. चहा आणि हळदीचा रस्सा नको, पट्टी पिवळी पडते. जीभ लावून चाचपायचं नाही. नेलकटर तर मी ठेवूनच घेतलं.

"आणि थगळं नीट झालं का?" त्याने विचारलं आणि स्वतःच दचकला. टेम्पररी कवच जरा जाड असतं. जिभेला सवय होईपर्यंत एक-दोन दिवस 'स'चा 'थ' होतो, आणि पट्टी काढून परत लावली की ती सवय पुन्हा पहिल्यापासून.

"मॅडम, तिचं नाव थुप्रिया हाय! उखाना घ्यायला लावला तर?"

"मोठ्याने वाचत बस. जीभ वळते."

वेटिंग रूममध्ये वाचायला हिरड्यांच्या रोगाचं पत्रक तेवढं होतं. "हिरड्यांची थूज," संतोष कळकळीने वाचत होता, "थकाळी आणि थंध्याकाळी ब्रश..." मी वर जाऊन पोहे केले. साडेनऊला तो निघाला तेव्हा सूज बरीच उतरली होती, सुप्रिया मात्र अजून थुप्रियाच होती. मला त्या पोराची खरंच काळजी वाटली.

पुढे अकरा दिवस फोन नाही. खरी कवचं आली त्या दिवशी तो सुप्रियाला घेऊनच आला. पट्टी जागच्या जागी होती. मी ती काढली, चार कवचं पक्क्या सिमेंटने बसवली आणि आरसा दिला. संतोष दात दाखवून हसला. नंतर बराच वेळ हसतच राहिला.

"साखरपुडा कसा झाला?" मी सुप्रियाला विचारलं.

"एकदम भारी! हे दिवसभरात चार शब्द बोलले असतील. उखाणा घ्या म्हटलं तर नुसते लाजले. पेढ्याचा कण खाल्ला, सरबताला हात जोडले. आई म्हणाली, कमी बोलणारा, कमी खाणारा जावई हल्ली मिळतो कुठे?"

"आता काही पथ्य नाही," मी म्हणाले. "खुशाल बोला, खुशाल खा."

हे ऐकताच संतोषने शब्दांचं धरण सोडलं. लाइन, रोबोट, सुपरवायझर, शेजारच्याचा कुत्रा. सुप्रियाने पाच मिनिटं ऐकलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, ती टेम्पररी पट्टी परत बसते का हो?"

नाही बसत. तेव्हापासून मी पेशंटचा दात बघण्याआधी त्याचा धंदा विचारते, आणि नवरीकडच्यांना सांगून ठेवते की नवरदेवाच्या टेम्पररी दिवसांवरून कसलेही अंदाज बांधू नका.