पलीकडची चाकं

आज खाली फाटकाला रंग देत होते, थिनरचा वास घरात आला आणि मला ते गाडीचं चित्र आठवलं. वालीवच्या गॅरेजात मी चाळीस वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकला. काम सुटल्यावर हात गप्प बसेनात, म्हणून गोखिवऱ्याला चित्रांच्या वर्गात जाऊ लागलो. हुबेहूब गाडी काढता यावी, एवढंच मनात होतं. शिकवणारी मुलगी माझ्या नातीएवढी. तिने खिडकीतून खाली उभी असलेली पांढरी गाडी दाखवली. मी दोन तास खपून काढली, चारही चाकांसकट. ती म्हणाली, "आजोबा, पलीकडची चाकं इथून दिसतात का?" मी म्हटलं, "दिसत नसली तरी आहेत ना? मी स्वतः बसवलीत असली." "पण चित्रात दिसतं तेवढंच काढायचं." "मग गाडी पडेल तुझी." वर्गातली पोरं हसली, तीही हसली. मी पेन्सिल ठेवली आणि तीन जिने उतरून खाली आलो. त्या गाडीपासून दहा पावलं लांब उभा राहिलो. दोनच चाकं दिसत होती, तिसऱ्याचा जरासा काठ. इतकी वर्षं गाड्यांवर हात फिरवला, पण अशी लांबून गाडी कधी बघितलीच नव्हती. वर जाऊन तिला तसं सांगायचं होतं, पण पाय उचलला नाही. घरी येऊन दिसली तशी काढली, चांगली आली. तिला दाखवायचा तो कागद अजून औषधांच्या पिशवीत आहे. आता गुडघ्यांना तीन जिने झेपत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती तो पाठवावासा वाटत नाही.