इंजिन बंद करणारी बाई

अँब्युलन्सवरची ती बाई मोठ्यांना जेमतेम उत्तर देते, पण बेशुद्ध पोराशीही बोलत राहते.

झटके येऊन माझी नात निळी पडली, तेव्हा आम्ही तिला झोळीत घालून मोलगीच्या रस्त्यापर्यंत पळत आणलं. तिथं अँब्युलन्स येऊन थांबली होती. मी ओरडलो, "नंदुरबारना दवाखाना दूर शे! गाडी काढ ना, काय करी ऱ्हायनी?"

त्या बाईनं ड्रायव्हरला इंजिनच बंद करायला लावलं. "पहिले श्वास, आबा, मंग नंदुरबार. डोकं धरा."

मी धरलं. तिनं नातीच्या तोंडावर मास्क दाबून त्याला जोडलेल्या रबरी फुग्यानं हवा भरली. "घे माय, अजून एक घे."

ओठ लाल झाले, पोरगी किंचाळून रडली, तेव्हा कुठं बाई म्हणाली, "आता पळवा."

मी कुणाचं ऐकत नाही, म्हातारीला विचारा. त्या बाईचं ऐकलं, म्हणून नात अंगणात धावते आहे.