सांगलीत नसलेली वैजू

मे महिन्यात तीन आठवडे वैजू सांगलीला आंबे खात होती. निदान माझी तरी तशी समजूत होती. ‘आज दुसरी पेटी फोडली’, ‘वजन वाढलंय, तू बोलशील’ असे तिचे मेसेज येत होते आणि मी इकडे जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या सुपरमार्केटात दगडासारखे आंबे चाचपत तिच्यावर जळत होते. मग एका मंगळवारी सकाळी कामावर असताना फोन आला. तिचा धाकटा भाऊ श्रीरंग. “ताई, मी मानहाइमहून बोलतोय. वैजूताई पहाटे गेली.” मानहाइमहून! म्हणजे ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावरून, माझ्या घरापासून ट्रामनं वीस मिनिटांवरून. तीन आठवडे ती तिथल्या एका हॉस्पिटलात होती, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं, आणि मी तिला विचारत होते, हापूस आहे की पायरी?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. सहा आठवडे प्रयत्न करतेय, जमत नाही. मी चिडलेय, आणि ज्याच्यावर चिडायचं ते माणूस हाती लागत नाही म्हणून जास्तच चिडलेय.

आम्ही आखनला एका वर्गात शिकलो, एका खोलीत राहिलो, आणि पुढे एकाच केमिकल कारखान्यात लागलो. मी प्लांटवर, ती सुरक्षा विभागात. तिचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. अपघात झाला तर सगळेच कळवतात. पण होता होता टळला, एखादा व्हॉल्व्ह जरासा गळला, कुणाचा पाय नुसता घसरला, तरी ते त्याच दिवशी लिहून कळवलं पाहिजे, यासाठी ही बाई वीस वर्षं लोकांच्या मागे हात धुऊन लागली होती. तीस-तीस वर्षं नोकरी झालेले जर्मन फोरमन तिला टरकून असायचे. “आल्झो, हे बघा, काही झालं नाही म्हणजे काय? काही झालं नाही हेच कळवायचंय!” असं ती त्यांना ठणकावायची. आणि स्वतःच्या वेळी...

माझे बाबा गेले तेव्हा मला कुणी कळवलं नव्हतं. आठ दिवस ते नाशिकच्या हॉस्पिटलात होते आणि आई रोज फोनवर सांगत होती, बाबा फिरायला गेलेत, बाबा झोपलेत. मग, “त्यांना जरा बरं नाही, जमलं तर ये.” मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. “एवढ्या लांब एकटी असतेस, जिवाला घोर कशाला?” असं आई म्हणाली. परत आल्यावर वैजू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून माझ्यापेक्षा जास्त संतापली होती. “ही आपल्या लोकांची माया नाही, हा भित्रेपणा आहे,” ती म्हणाली. “आपल्या दोघींत हे चालायचं नाही. काहीही झालं तरी पहिला फोन एकमेकींना. शपथ घे.” मी घेतली. तिनंही घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवून.

या फेब्रुवारीत तिनं अचानक तिकिटं काढली. फ्रँकफर्टहून साडेचार तास, अटलांटिकमधलं एक ज्वालामुखीचं बेट. तिथल्या जुन्या दीपगृहाचं हॉटेल केलंय. रखवालदार राहायचे त्या खोल्यांत पाहुणे राहतात, आणि वरचा दिवा अजून जहाजांसाठी लागतो. चार दिवस होतो. काळी वाळू, काळे खडक, पांढरा मनोरा आणि उभं राहू न देणारा वारा. वैजू रोज मनोऱ्याचा जिना चढायची आणि प्रत्येक वळणावरच्या खिडकीशी थांबून मला लाव्हावर व्याख्यान द्यायची. “तो काळा पट्टा बघ. गेल्या उद्रेकातला. ती जमीन आपल्या नोकरीपेक्षा लहान आहे.” मी म्हटलं, “बाई, भूगोल पुरे. धाप लागलीय तुला, वय झालं!” ती हसली. “गेनाऊ,” म्हणाली. अगदी बरोबर! तिनं मला ते वाक्य बोलू दिलं. नाश्त्याचं बकरीचं चीज ती ताटात इकडून तिकडे सरकवायची आणि मी निर्लज्जासारखी तिचंही खायचे. शेवटच्या दिवशी वरच्या गॅलरीत माझी बाही घट्ट धरून म्हणाली, “इथं बरं वाटतं. कुणी काही विचारत नाही.” मला वाटलं, ऑफिसबद्दल बोलतेय.

इथे माणूस मेलं तरी भाड्याच्या घराची तीन महिन्यांची नोटीस चुकत नाही. श्रीरंगची सुट्टी संपली, तेव्हा घर रिकामं करायला मीच. तिच्या फायली एका रांगेत, प्रत्येकीवर नाव. ‘सुट्टी’ लिहिलेल्या फायलीत त्या हॉटेलचं बुकिंग होतं आणि त्याच्या मागे, नीट भोकं पाडून लावलेला, बायोप्सीचा रिपोर्ट. बुकिंगच्या नऊ दिवस आधीचा. चार दिवस तिला आपला आजार माहीत नसलेलं कुणीतरी सोबत हवं होतं, हे मला कळतं. मी काही दगड नाही. पण ते कुणीतरी मीच का? ती फाईल मी भिंतीवर फेकली. भिंतीला पोचा पडला, तोही आता मलाच बुजवायचाय.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती एक्याऐंशीची आहे, हृदयाचं दुखणं आहे, आणि आई नसलेल्या वैजूला तिनं लेकीसारखं मानलेलं. दर वेळी ठरवायचे, पुढच्या खेपेला सांगू. नशिबानं आईनंही हल्ली वैजूची चौकशी केली नव्हती. पण हे ज्या पुरवणीत छापून येणार, ती नाशिकच्या घरी येते आणि आई ती पहिल्या पानापासून वाचते. म्हणून काल फोन केला आणि सांगून टाकलं.

आई म्हणाली, “मला ठाऊक आहे गं.”

वैजूनं तिला फेब्रुवारीतच सांगितलं होतं, त्या बेटावरून, मी खाली नाश्ता करत असताना. पुढे दर रविवारी साडेअकराला फोन करायची. गेल्याचं श्रीरंगनं कळवलं. “तू तिथं एकटी, तुझा नवा प्लांट सुरू व्हायचा... म्हटलं, तू आपणहून सांगेपर्यंत विषय काढायचा नाही.”

म्हणजे सहा आठवडे आम्ही दोघी एकाच माणसाचं मरण एकमेकींपासून लपवत होतो. मी आईवर ओरडले. वैजूसाठी ओरडले, बाबांसाठी ओरडले, आणि अर्ध्यावर लक्षात आलं की माझी स्वतःची बाजूही काही धड नाही, तरी थांबले नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“झालं बोलून?” ती म्हणाली. “मी अजून रविवारी साडेअकराला फोन मांडीवर घेऊन बसते. सवय लागलीय.”

या रविवारी त्या वेळेला मी करणार आहे. माझं भांडण अजून संपलेलं नाही.